दादाचा इंटरव्ह्यू आणि रामानुजनची नोकरी

कुंभकोणममध्ये नापास झालेल्या, नोकरी गेलेल्या किंवा नुसतंच घरी बसलेल्या प्रत्येक मुलाला एक वाक्य ऐकून घ्यावं लागतं: "अरे, रामानुजनसुद्धा नापास झाला होता!" शेजारच्या मामी सांगतात, जुने मास्तर सांगतात, औषधाच्या दुकानातला माणूस सुटे पैसे परत देता देता सांगतो. गावाचा तरी काय दोष? एवढा मोठा गणिती याच गावात वाढला. सारंगपाणी मंदिराच्या रस्त्यावर त्यांचं घर अजून उभं आहे, आमच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर.

माझ्या दादाला हे वाक्य गेल्या वर्षभरात अकरा वेळा ऐकवलं गेलं. आकडा त्यानेच मोजून ठेवलाय.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल की ही मराठी माणसं कावेरीकाठी काय करतात. आम्ही मूळचे विट्याकडचे. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातली शेकडो घरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून, तपासून, शुद्ध करून देणं. दक्षिणेतल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, आतल्या बोळात एखादं तरी मराठी गलाईचं दुकान सापडेल. पप्पा अठराव्या वर्षी त्यांच्या मामांच्या हाताखाली इथे आले आणि इथलेच झाले. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, त्यामुळे या भागात मराठी काही नवीन नाही. पण त्या मराठ्यांशी आमचा संबंध नाही. ते राज्य करायला आले होते, आम्ही सोनं गाळायला आलो.

मी सातवीपर्यंत विट्याला आजीकडे शिकले, मग इथे आले, बी.ए. इंग्लिश केलं आणि आता घरी बसून कंपन्यांसाठी मजकूर लिहिते. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. इंजिनिअरिंग केलं, चेन्नईत एका कंपनीत चार वर्षं सॉफ्टवेअर डेव्हलपर होता. मग त्याचा प्रोजेक्ट संपला, दोन महिने 'बेंच'वर बसवलं आणि एका शुक्रवारी दुपारी त्याला सांगितलं की राजीनामा दिलास तर बरं, म्हणजे कागदावर चांगलं दिसेल. तो दोन बॅगा आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन घरी आला. खुर्ची का आणली हे त्याने आजवर सांगितलेलं नाही.

पप्पांनी आम्हाला शिकवलं त्याचं कारण एकच होतं, पोरं या धुरातून बाहेर पडावीत. ॲसिडचा धूर कसा असतो हे गलाईवाल्याच्या घरात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. पप्पांचा खोकला पहाटे चारला सुरू होतो आणि आमच्या घरी त्यावरच गजर लावल्यासारखं उठतात. त्यामुळे दादा परत आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खाली दुकानात येऊन मुशीला हात लावायला गेला, तेव्हा पप्पांनी त्याचा हात बाजूला केला. "तू वर जा. लॅपटॉप उघड." एवढंच बोलले.

दादाने लॅपटॉप उघडला. दिवसाला पंधरा-वीस ठिकाणी अर्ज जायचे. बहुतेक ठिकाणाहून काहीच यायचं नाही. सहा-सात ठिकाणी पहिली फेरी झाली आणि तिथेच थांबली. अशात बंगळुरूच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. चार फेऱ्या होत्या. पहिली ऑनलाइन परीक्षा, दीड तास, कॅमेरा चालू ठेवून. मान वळवली तरी मशीन इशारा देतं. आई मागून चहा ठेवायला गेली तर स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि त्यानंतर ती त्या खोलीत पंधरा दिवस गेली नाही. दुसरी फेरी फोनवर. तिसऱ्या फेरीत घरचा अभ्यास: एक छोटं ॲप बनवून पाठवा, मुदत तीन दिवस. दादा तीन रात्री झोपला नाही. ॲप खरंच छान झालं होतं. मला त्यातलं फार कळत नाही, पण बटण दाबलं की जे व्हायला हवं ते होत होतं.

चौथी फेरी शनिवारी अकरा वाजता, व्हिडिओ कॉलवर. त्या दिवशी आमचं घर दहावीच्या परीक्षा केंद्रासारखं झालं होतं. पप्पांनी भट्टीचा ब्लोअर बंद ठेवला. सराफ गल्लीतला शनिवार म्हणजे गिऱ्हाइकांचा दिवस, तरी बंद ठेवला. आईने कुकर लावला नाही. वीज गेली तर म्हणून समोरच्या दुकानातून इन्व्हर्टर आणून ठेवला. मी जिन्यात बसले, कुणी वर जाऊ नये म्हणून. दार लावलेलं असलं तरी आतलं सगळं ऐकू येत होतं.

अकराला कुणी आलं नाही. सव्वा अकराला नाही. अकरा बावीसला एक आवाज आला. त्या माणसाचा कॅमेरा शेवटपर्यंत बंद होता. आपलं नाव त्याने इतक्या भरभर सांगितलं की दादाला ते कळलंच नाही. मग विचारलं, "कुंभकोणम कुठे आलं? तिथे इंटरनेट नीट चालतं ना?" दादा म्हणाला चालतं. मग प्रश्न आला.

प्रश्न मी नंतर दादाकडून समजून घेतला, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. तुम्हीही समजून घ्या, अवघड नाही. समजा बसमध्ये १ ते १०० नंबरची सीटं आहेत आणि चुकून १०१ तिकिटं विकली गेली. म्हणजे कुठला तरी नंबर दोनदा गेलाय. तो शोधायचा. अट अशी की तिकिटांचा क्रम बदलायचा नाही आणि वहीत सगळे नंबर उतरवून घ्यायचे नाहीत.

दादाने थोडा विचार केला आणि सांगितलं: आधी १ ते ५० नंबरची तिकिटं किती आहेत तेवढीच मोजू. पन्नासपेक्षा जास्त निघाली तर दोनदा गेलेला नंबर याच अर्ध्यात आहे, नाहीतर दुसऱ्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. असं करत गेलं की फार तर सातव्या मोजणीला नंबर सापडतो. मी बी.ए. इंग्लिश, तरी मला हे एका दमात कळलं आणि मनातून वाटलं, काय डोकं आहे याचं!

पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता. तो माणूस दुसरंच काहीतरी टाइप करत होता. दादा थांबला तेव्हा म्हणाला, "ही ती पद्धत नाही."

"पण उत्तर बरोबर येतं, सर."

"याहून जलद पद्धत आहे. ती येते का?"

ती पद्धत 'कासव आणि ससा' नावाने ओळखली जाते. यादीतला प्रत्येक आकडा म्हणजे पुढच्या घराचा पत्ता समजायचा आणि दोन खुणा वेगवेगळ्या वेगाने पळवायच्या. यादीत पुनरावृत्ती असेल तर वाट गोल फिरते आणि त्या गोलात ससा कासवाला गाठतोच. फार सुंदर कल्पना आहे, दादाने नंतर बस तिकिटं मांडून मला करून दाखवली. पण ती पहिल्यांदा सुचायला एखादा असामान्य माणूस लागतो. इंटरव्ह्यूमध्ये सांगायला मात्र ती फक्त आधी कुठेतरी पाहिलेली असावी लागते. ज्याने पाहिली तो 'हुशार', ज्याने स्वतःच्या डोक्याने वेगळी वाट काढली तो 'ठीक'. मला हे अजूनही पटत नाही. आणि तीन रात्री जागून बनवलेल्या ॲपबद्दल त्या माणसाने एक शब्द विचारला नाही. दादाच म्हणाला, "सर, मी जो प्रोजेक्ट पाठवला होता..." तर उत्तर आलं की तो दुसऱ्या टीमकडे असेल.

एक तासाचा इंटरव्ह्यू अठरा मिनिटांत संपला. एचआर कळवेल.

दादा खाली आला तेव्हा पप्पा भट्टीजवळ उभेच होते. त्यांनी विचारलं, "टंच किती आला?"

हा प्रश्न त्यांनी गमतीने विचारला नव्हता. पप्पांच्या जगात परीक्षा म्हणजे टंच. गिऱ्हाईक बांगडी घेऊन येतं, त्याला जाणून घ्यायचं असतं की यात खरं सोनं किती. कसोटीच्या दगडावर घासून, तेजाबाचा थेंब टाकून अंदाज येतो, पण पप्पा अंदाजावर थांबत नाहीत. बारीक तुकडा कापून वजन करायचं, त्यात चांदी घालून गाळायचं, शिशाच्या साहाय्याने तांब्यासारखे धातू काढून टाकायचे, मग उरलेला मणी ठोकून पातळ करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचा. चांदी विरघळते, सोनं राहतं. ते पुन्हा तोलायचं. आता दोन मिनिटांत आकडा सांगणारी मशीनं आली आहेत, शेजारच्या दुकानात आहे एक, पण जुनी गिऱ्हाइकं अजून पप्पांकडेच येतात. शेवटी चिठ्ठी मिळते: तारीख, वजन, आकडा. बांगडी कमी कसाची निघाली तरी चिठ्ठी मिळते. गिऱ्हाइकाला शंका आली तर पप्पा त्याच्यासमोर पुन्हा टंच काढून दाखवतात. सोनं कमी निघालं म्हणून कुणाला चिठ्ठी न देता परत पाठवलं, असं आमच्या दुकानात कधी झालेलं नाही.

"आकडा नाही सांगितला," दादा म्हणाला.

"मग तपासलं कशाला?" पप्पांनी विचारलं.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. दादा मेल बघायचा, मी त्याच्याकडे बघायची. तासगावकडचं एक स्थळ आलं होतं, तिथून आत्याचा फोन यायचा. मुलीकडचे विचारतायत, सध्या मुलगा कुठे आहे? 'सध्या कुठे आहे' याचा अर्थ पत्ता नसतो हे तुम्हाला माहीत आहेच. आई सांगायची, शेवटच्या फेरीत आहे. आठ दिवस शेवटच्या फेरीत, पंधरा दिवस शेवटच्या फेरीत. दादाने दोनदा मेल पाठवून विचारलं, उत्तर नाही. तेविसाव्या दिवशी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मेल आला. सुरुवात अशी होती: 'डिअर फर्स्ट नेम'. म्हणजे जिथे उमेदवाराचं नाव आपोआप यायला हवं होतं, तिथे रिकाम्या चौकटीचंच नाव छापून आलं होतं.

अशी पत्रं कशी तयार होतात हे माझ्या धंद्यात असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. 'आम्ही तुमच्या वेळेबद्दल आभारी आहोत', 'या वेळी इतर उमेदवार अधिक योग्य वाटले', 'तुमची माहिती आमच्याकडे जपून ठेवू'. प्रत्येक वाक्य असं घासून गुळगुळीत केलेलं असतं की त्यावर कुणाला बोट ठेवता येऊ नये. कंपन्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. एका जागेला शेकडो अर्ज येतात, कारण लिहून दिलं की उमेदवार वाद घालतो, कधी प्रकरण वकिलापर्यंत जातं. हे सगळं मान्य. तरी ज्या माणसाने चार फेऱ्या दिल्या त्याचं नाव तरी बघून घालावं.

दादाने मेल मला दाखवला आणि हसला. ते हसू मला आवडलं नाही. त्यानंतर त्याने अर्ज करणं जवळजवळ बंद केलं. दुपारी झोपायला लागला. आईला तर चेन्नईत हाकललं त्यापेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

सांत्वन करणारे आले ते याच काळात. मामांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं की व्हॉट्सॲप काढणाऱ्या ब्रायन ॲक्टनला २००९ साली फेसबुकने नोकरी नाकारली होती आणि २०१४ मध्ये त्याच फेसबुकने त्याची कंपनी १,९०० कोटी डॉलर्सना विकत घ्यायचं ठरवलं. ही गोष्ट खरी आहे. इंजिनिअर मावसभावाने मॅक्स हॉवेलची गोष्ट सांगितली. या माणसाने होमब्रू नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, जगभरचे डेव्हलपर ते वापरतात. २०१५ मध्ये त्याने ट्विटरवर लिहिलं की गूगलच्या बहुतेक इंजिनिअरांच्या कॉम्प्युटरवर त्याचं सॉफ्टवेअर आहे, पण फळ्यावर एक कोडं सोडवता आलं नाही म्हणून गूगलने त्याला घेतलं नाही. हीसुद्धा खरी. आणि मग खालून मामी आल्या आणि म्हणाल्या, "रामानुजनसुद्धा..."

त्या गेल्यावर दादा चिडून म्हणाला, "बारके, मी रामानुजन नाहीये गं. मला जगप्रसिद्ध व्हायचं नाही. मला साधी नोकरी हवीय. महिन्याला पगार, पीएफ, शनिवार-रविवार. साध्या माणसाच्या साध्या नोकरीची गोष्ट कुणाकडे आहे का?"

गंमत म्हणजे ती गोष्ट होती. दहा मिनिटांच्या अंतरावर होती. नेमकं त्याच महिन्यात मला एका प्रवासी कंपनीसाठी कुंभकोणमवर मजकूर लिहायचं काम मिळालं होतं: महामहम तलाव, पितळी समया, डिग्री कॉफी आणि रामानुजनचं घर. शाळेत असताना मी त्या घरात तीन-चार वेळा गेले होते, पण वर्गाच्या रांगेतून. यावेळी नीट वाचून गेले.

बैठं कौलारू घर, पुढे बसायला ओटा, आत रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि तिच्याशी छोटी खाट. २००३ पासून शास्त्र विद्यापीठ ते स्मारक म्हणून सांभाळतं. वडील कापड दुकानात कारकून. कागद महाग म्हणून मुलगा पाटीवर गणितं करायचा आणि कोपराने पुसायचा. १९०४ मध्ये इथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली आणि इंग्रजीत नापास झाल्यामुळे ती गेली. (माझा विषय!) मग मद्रासला पचैयप्पा कॉलेजात गेले, तिथे १९०६ आणि १९०७ अशी दोन वर्षं एफ.ए.ची परीक्षा नापास. १९०९ मध्ये लग्न झालं. हातात पदवी नाही, घरात बायको आणि बगलेत गणिताची वही, अशा अवस्थेत हा माणूस नोकरी शोधत दारोदार फिरू लागला.

इथवरची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे. पुढे लंडन, केंब्रिज, हार्डी हेही पाठ आहे. मधली दोन-तीन वर्षं मात्र कुणी सांगत नाही आणि मला तीच महत्त्वाची वाटली.

रामानुजन कुणाकडे 'माझी प्रतिभा ओळखा' म्हणून गेले नव्हते. १९१० मध्ये ते तिरुकोयिलूरला व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. हे डेप्युटी कलेक्टर, पण गणितवेडे. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी यांनीच १९०७ मध्ये सुरू केली, जिचं ग्रंथालय आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं. रामानुजनने त्यांच्याकडे मागितलं काय? त्यांच्या कचेरीतली कारकुनी. अय्यरांनी वही बघितली आणि नोकरी द्यायला नकार दिला. असल्या बुद्धीला महसूल खात्याच्या तळाच्या खुर्चीत गाडून टाकायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. आजच्या भाषेत सांगायचं तर उमेदवार जागेच्या मानाने फार हुशार! हेतू चांगला होता, पण त्या संध्याकाळी रामानुजनच्या हातात नोकरी नव्हतीच. अय्यरांनी पुढच्या माणसांना देण्यासाठी ओळखपत्रं मात्र दिली.

त्या ओळखींतून १९१० च्या डिसेंबरात ते नेल्लोरला आर. रामचंद्र राव यांच्यापुढे उभे राहिले. हे तिथले कलेक्टर. या भेटीबद्दल रावांनीच पुढे लिहून ठेवलंय. दाढी वाढलेला, कपडे फारसे स्वच्छ नाहीत, डोळे तेवढे चमकदार, असा तरुण फाटकी वही घेऊन आला आणि समजावून सांगायला लागला. रावांना ते कळेना. काहीतरी वेगळं आहे एवढं जाणवलं, पण हे खरं गणित आहे की नुसती बडबड, हे ठरवण्याइतकं आपलं ज्ञान नाही, हेही त्यांना जाणवलं. कलेक्टर होते, चार शब्दांत वाटेला लावता आलं असतं. त्यांनी निकाल लांबणीवर टाकला आणि सांगितलं, पुन्हा ये.

रामानुजन पुन्हा गेले. आता त्यांनाही समोरच्याचा अंदाज आला होता, म्हणून त्यांनी सोप्या निष्कर्षांपासून सुरुवात केली आणि एकेक पायरी चढवत रावांना वर नेलं. शेवटी रावांनी विचारलं, तुला हवंय काय? तर पोटापुरतं काहीतरी, म्हणजे गणित करत राहता येईल. रावांनी त्यांना मद्रासला पाठवलं आणि साधारण वर्षभर महिन्याला २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले.

मला या गोष्टीत रामानुजनपेक्षा रामचंद्र राव जास्त आवडले. उमेदवाराची परीक्षा घेताना स्वतःला किती कळतं याची परीक्षा त्यांनी आधी घेतली.

आणि तरीही फुकटचे पैसे घेत राहणं रामानुजनला रुचलं नाही. १९१२ च्या सुरुवातीला त्यांनी मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत थोडे आठवडे २० रुपयांवर तात्पुरतं काम केलं. ९ फेब्रुवारी १९१२ ला त्यांनी पोर्ट ट्रस्टला अर्ज केला. तो अर्ज वाचला की डोळ्यांपुढे दादाचा बायोडेटा येतो. मॅट्रिक पास आहे, एफ.ए.पर्यंत शिकलोय, काही अडचणींमुळे शिक्षण पुढे गेलं नाही, गणितावर सगळा वेळ घालवला आहे, हे काम मी नीट करू शकेन, अशा आशयाचा. १ मार्चला ते कामावर रुजू झाले. तिसऱ्या वर्गातले कारकून, पगार महिना ३० रुपये. पुढच्या वर्षी १६ जानेवारी १९१३ ला हार्डींना जे प्रसिद्ध पत्र गेलं, ते या खुर्चीवरून गेलं.

मी घरी येऊन हे सगळं दादाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्यालाही पगारच हवा होता?" मी म्हटलं, "हो. ३० रुपये." बाकी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपला नाही, एवढं मी पाहिलं. त्याचा रामानुजनशी संबंध होता की उकाड्याशी, माहीत नाही.

नोकरी लागली ती दोन महिन्यांनी, तिरुचीला. चौदा माणसांची कंपनी, छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. इंटरव्ह्यू म्हणजे मालकाने त्यांचा एक बिघडलेला बिलाचा प्रोग्रॅम समोर उघडून दिला आणि म्हटलं, दोन तास बस, काय लागेल ते मला विचार, गूगल कर, चहा तिथे आहे. दोन तासांनी शेजारी खुर्ची ओढून बसला आणि दादाने काय केलं ते ओळीने विचारलं. मग सरळ सांगितलं, "तुझा कोड स्वच्छ आहे, पण डेटाबेस कच्चा आहे. एवढं वाचून गुरुवारी ये." दादा गुरुवारी परत गेला. पगार चेन्नईपेक्षा कमी आहे, बराच कमी. तासगावच्या स्थळाने तोवर दुसरीकडे जमवलं होतं. आईला त्याचं अजून वाईट वाटतं, दादाला वाटतं की नाही ते तो दाखवत नाही. आता सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो, शुक्रवारी रात्री येतो. प्लास्टिकची खुर्ची इथेच आहे, पप्पा दुकानात वापरतात.

मागच्या महिन्यात कंपनीने त्यालाच दोन नव्या मुलांचे इंटरव्ह्यू घ्यायला सांगितले. एकाला घेतलं, एकाला नाही. शनिवारी तो घरी आला आणि ज्याला घेतलं नाही त्याला मेल लिहीत बसला. कंपनीचा ठरलेला मजकूर होता, तो त्याने बाजूला ठेवला. मुलाचं नाव दोनदा तपासलं. मग लिहिलं की तुझं तर्काचं काम चांगलं आहे, चूक झाल्यावर ती शोधायची पद्धतही चांगली आहे, पण स्वतः लिहिलेला कोड तुला समजावून सांगता आला नाही. या दोन गोष्टी वाच, तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज कर, मी बघेन. इंग्रजी तपासायला मला दिलं. मी 'अनफॉर्च्युनेटली' काढून टाकलं, बाकी तसंच ठेवलं.

जेवताना त्याने ते पप्पांना मराठीत वाचून दाखवलं. पप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, पाण्याचा घोट घेतला.

"सगळं बरोबर आहे," म्हणाले, "पण आकडा कुठाय?"

दादा ताटावरून उठला, डाव्या हाताने लॅपटॉप उघडला आणि शेवटी एक ओळ टाकली: दहापैकी सहा.